वाचकांचे प्रश्न : टेबलावर अडकलेले प्रकरण

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे मराठवाड्यातील नव्या संशोधकांची आहेत. कोणी पेट ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन नुकतीच नोंदणी केली आहे, कोणाचा प्रबंध अर्ध्यावर आला आहे, तर कोणाच्या नावाआधी ‘डॉ.’ लागून तीन वर्षे झाली तरी कायम नोकरी हाती आलेली नाही. त्यांतील चार आणि एका प्राचार्यांचे एक, अशी पाच पत्रे येथे घेतली आहेत. नावे अर्थातच वगळली आहेत आणि मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : आदरणीय सर, मी धाराशिव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि समाजशास्त्रात पीएच.डी. करतो आहे. विषय ऊसतोड कुटुंबांतील मुलांच्या शाळागळतीचा आहे. आषाढात मी दुसऱ्या प्रकरणाची ऐंशी पाने स्पायरल करून मार्गदर्शकांच्या हाती दिली. आता दिवाळी होऊन गेली, तरी “बघतो, थोडा वेळ द्या” यापलीकडे उत्तर नाही. छत्रपती संभाजीनगरला जाऊन यायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो आणि त्या दिवसाच्या तासिकांचे मानधनही बुडते. सरांशी संबंध बिघडू न देता काम पुढे कसे न्यावे?

उत्तर : आधी माझ्या स्वतःच्या टेबलाची हकिकत सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यात आहे. मी मार्गदर्शक असताना एका विद्यार्थ्याने असेच जाड स्पायरल आणून दिले होते. ते रोज माझ्या नजरेसमोर असे. एखादी सुट्टी मिळाली की निवांत बसून वाचू, असे मी रोज ठरवीत असे, आणि उत्तरपत्रिका, बैठका व परीक्षेची कामे यांच्या रगाड्यात तशी निवांत सुट्टी पाच महिने आली नाही. चूक पूर्णपणे माझी होती आणि त्या मुलाचे एक सत्र तिच्यापायी वाया गेले. पुढच्या वेळी तो केवळ बारा पाने घेऊन आला. वर एक चिठ्ठी टाचलेली होती आणि तिच्यावर तीनच प्रश्न होते : गावांची निवड पटते का, चौथ्या तक्त्यात टक्केवारी मांडावी की संख्या, आणि मुलाखतींचा भाग याच प्रकरणात ठेवावा की पुढच्या. ती पाने मी त्याच संध्याकाळी पेन्सिल घेऊन वाचली.

तेव्हा ऐंशी पानांचा आग्रह आता सोडा. त्यांतील आपल्याला सर्वांत अडलेली दहा-बारा पाने वेगळी काढा, वर दोन-तीन नेमके प्रश्न लिहा आणि ती ईमेलने पाठवा. सोबत “पुढच्या सोमवारी सायंकाळी पंधरा मिनिटे फोनवर बोलता येईल का” असे नम्रपणे विचारा. तोंडी झालेल्या प्रत्येक बोलण्यानंतर, काय ठरले ते चार ओळींत लिहून त्यांना त्याच दिवशी कळवत चला. यात तक्रारीचा सूर नसतो, उलट मार्गदर्शकांनाही मागचा धागा सापडतो, आणि पुढेमागे प्रश्न निर्माण झालाच तर आपल्या कामाची तारीखवार नोंद आपल्याजवळ राहते.

दुसरी गोष्ट नियमाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार प्रत्येक संशोधकासाठी संशोधन सल्लागार समिती असते, मार्गदर्शक तिचे निमंत्रक असतात आणि संशोधकाने प्रत्येक सत्रात एकदा तिच्यासमोर आपल्या कामाचे सादरीकरण करायचे असते. समितीच्या अहवालाची प्रत संशोधकाला मिळाली पाहिजे, हेही त्याच विनियमांत आहे. अनेक ठिकाणी ही बैठक सह्यांपुरती उरली आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण एकट्या मार्गदर्शकावर सगळा भार पडू नये म्हणूनच ती योजलेली आहे. आपण सादरीकरणाला दुसऱ्या प्रकरणाचाच भाग निवडा. समितीतील अन्य दोन प्राध्यापकांनी त्यावर चार शब्द सांगितले, तर मार्गदर्शकांनाही ते पान उघडावे लागते आणि कोणाचाही अवमान होत नाही. मार्गदर्शकांची बाजूही समजून घ्यावी. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. जागा रिक्त असलेल्या विभागात उरलेल्या दोन-तीन माणसांवर हा सारा बोजा येतो.

आपल्याच मार्गदर्शकांचे आणखी तीन-चार विद्यार्थी असतील. त्यांना फोन करा. पंधरा दिवसांतून एका रविवारी प्रत्येकाने दुसऱ्याची दहा पाने वाचून शेरे द्यायचे, असे ठरवले तर मार्गदर्शकांकडे जाणारा मजकूर आधीच स्वच्छ झालेला असतो. उमरगा, केज किंवा अंबडला राहून संशोधन करणाऱ्याला विद्यापीठाच्या आवारातील चहाच्या टपरीवर होणारी चर्चा मिळत नाही. ती अशी मुद्दाम घडवून आणावी लागते.

आणि एक विसरू नका. प्रकरण अडकले म्हणून क्षेत्रकार्य अडवून ठेवू नका. गाळप हंगाम सुरू झाला आहे, उचल घेतलेले कोयते, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली ऊसतोड जोडपी, मुकादमांबरोबर कारखान्यांकडे गेले आहेत, मागे राहिलेली मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात आहेत. आपला विषय आत्ता, या चार महिन्यांत डोळ्यांसमोर घडतो आहे. हा हंगाम हुकला तर पुढच्या दिवाळीची वाट पाहावी लागेल, आणि तेवढा काळ कोणताही मार्गदर्शक परत देऊ शकत नाही.

प्रश्न : मी नांदेडला वाणिज्य शाखेत संशोधन करते. व्हॉट्सॲपवर रोज “४८ तासांत पेपर प्रसिद्ध, इम्पॅक्ट फॅक्टर ७, शुल्क अवघे १,५०० रुपये, प्रमाणपत्र मोफत” असे संदेश येतात. माझ्या दोन मैत्रिणींनी असे पेपर छापले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद झाल्याचे ऐकले. मग आता चांगले नियतकालिक ओळखायचे तरी कसे?

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. २०१८ साली सुरू झालेली केअर यादी आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्याचे जाहीर केले आणि नियतकालिक पारखण्याचे निकष सुचवून निवडीची जबाबदारी संस्था व संशोधकांवर सोपवली. यादी असताना आपण विचार न करता तिच्याकडे बोट दाखवत होतो; आता प्रत्येकाने स्वतः पारख करायची आहे. हे अवघड आहे, पण संशोधकाला ही पारख यायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

त्या संदेशातील ‘४८ तास’ हाच शब्द धरून विचार करा. आपला लेख संपादकाने वाचायचा, विषयाच्या दोन जाणकारांकडे पाठवायचा, त्यांनी तो वाचून शेरे लिहायचे, आपण दुरुस्ती करायची आणि मग तो छापायचा, या साऱ्याला महिने लागतात. दोन दिवसांत हे होत असेल तर लेख कोणीही वाचलेला नाही. नंतर त्या नियतकालिकाचा मागचा एक अंक उघडा आणि अनुक्रमणिका पाहा. शेळीपालन, संतसाहित्य, वस्तू व सेवा कर आणि नॅनो पदार्थ हे सगळे एकाच अंकात, सहा-सहा पानांचे, असतील तर तो अंक कोणत्याही विषयाच्या अभ्यासकासाठी काढलेला नाही. संपादक मंडळातील दोन नावे शोधा. त्या व्यक्ती खरोखर त्या विद्यापीठात आहेत का आणि आपल्या माहितीपत्रकात त्या या नियतकालिकाचा उल्लेख करतात का, हे दहा मिनिटांत कळते. सर्वांत सोपी कसोटी अशी, की आपल्या प्रबंधासाठी आपण ज्या लेखांचा खरोखर उपयोग केला ते कोठे छापले होते ते पाहावे. जेथील लेख आपण वाचतो, तेथेच आपला लेख पाठवावा.

शुल्क घेणारे प्रत्येक नियतकालिक लबाड असते, असे मात्र समजू नका. सर्वांना विनामूल्य वाचता येणारी काही प्रामाणिक नियतकालिके लेख स्वीकारल्यानंतर शुल्क घेतात, आणि परिस्थिती नसलेल्यांना सवलतही देतात. पैसे आधी आणि वाचन नंतर, किंवा वाचन नाहीच, ही धोक्याची खूण आहे.

घाईचे मूळ कारण भीतीत असते, म्हणून तेही सांगतो. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही देशपातळीवरील अट २०२२ च्या विनियमांत राहिलेली नाही. आपल्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का, ते पीएच.डी. विभागात लेखी विचारून घ्या. मैत्रिणींच्या सांगण्यावर जाऊ नका. चांगला एक निबंध मुलाखतीत तुमच्या बाजूने उभा राहतो. वाईट दहा असतील तर जाणकार परीक्षक पहिल्याच नजरेत ओळखतो आणि मग चांगल्या अकराव्याकडेही संशयाने पाहतो.

मैत्रिणींचे जे छापले गेले ते गेले. तोच मजकूर नाव बदलून दुसरीकडे पाठवण्याचा मोह त्यांनी टाळावा. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई होत नाही, दहा ते चाळीस टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, चाळीस ते साठ टक्क्यांत वर्षभर तो सादर करता येत नाही आणि साठच्या वर नोंदणीच रद्द होते. स्वतःचाच जुना मजकूर नव्याने खपवणे हाही दोषच आहे.

वाचायला नियतकालिके मिळत नाहीत, ही आपल्याकडची जुनी तक्रार. केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून तिच्यामार्फत तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके शासकीय विद्यापीठांना खुली झाली आहेत. आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांना भेटून घरून वाचण्यासाठी खाते उघडून घ्या. ग्रंथपाल हा संशोधकाचा सर्वांत दुर्लक्षित मित्र आहे. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर आपल्या विषयातील जुने प्रबंधही वाचा. त्यांतील त्रुटी पाहूनसुद्धा पुष्कळ शिकायला मिळते.

प्रश्न : लातूरची आहे. पीएच.डी.चे दुसरे वर्ष चालू आहे आणि फेब्रुवारीत बाळंतपण आहे. यजमानांची बदली पुण्याला होण्याची शक्यता आहे. घरचे म्हणतात, आता सोडून दे. मुदत निघून जाईल, ही मला भीती वाटते.

उत्तर : ताई, सोडू नका. आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत पीएच.डी.च्या संपूर्ण काळात प्रसूती व बालसंगोपनासाठी मिळून २४० दिवसांपर्यंत रजा देण्याची तरतूद आहे. पीएच.डी.ची सर्वसाधारण कमाल मुदत सहा वर्षांची असून पुनर्नोंदणीने ती आठ वर्षांपर्यंत जाते, आणि महिला संशोधकांसाठी आणखी दोन वर्षे धरून ती दहा वर्षांपर्यंत वाढू शकते. विवाहामुळे किंवा अन्य कारणाने महिला संशोधकाला गाव बदलावे लागले, तर विनियमांतील इतर अटी पाळून संशोधनाची सामग्री नव्या संस्थेत नेण्याची मुभाही त्यातच आहे. अर्ज बाळंतपणाआधी, लेखी करा आणि प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. फोनवरचे “हो, चालेल” पुढे कोणाला आठवत नाही. अधिछात्रवृत्ती मिळत असेल, तर ती देणाऱ्या संस्थेला वेगळा अर्ज करावा लागतो. घरच्यांना हे आकडे दाखवा. त्यांचा विरोध बहुधा तुमच्या काळजीतूनच आला असेल, आणि वेळ पुरेल हे दिसले की तो सैल होईल. पहिले तीन महिने काहीही लिहू नका, बाळाला आणि स्वतःला सांभाळा.

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यातला. फेराइट पदार्थांवर भौतिकशास्त्रात पीएच.डी. होऊन दोन वर्षे झाली, वय ३३. दोन महाविद्यालयांत सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतो. प्राध्यापक भरतीची वाट पाहावी, की आमच्या औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो प्रकल्पात संधी मिळेल म्हणून थांबावे?

उत्तर : थांबणे हा शब्दच आपण तूर्त बाजूला ठेवावा, अशी माझी विनंती आहे. लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. आपल्या जिल्ह्यात गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे, याचा मलाही अतोनात अभिमान आहे. पण ते काम निर्वात तंत्रज्ञान, लेसर, प्रकाशशास्त्र, नियंत्रण प्रणाली आणि आकडेमोडीचे आहे. केवळ जिल्ह्याचा रहिवासी म्हणून त्यात दार उघडणार नाही. पुण्याचे आयुका, गांधीनगरचे प्लाझ्मा संशोधन संस्थान आणि इंदूरचे राजा रामण्णा केंद्र यांचा या प्रकल्पात सहभाग आहे. त्यांच्या जाहिराती पाहत राहा आणि दरम्यान निर्वात यंत्रणा किंवा विदा विश्लेषण यांपैकी एक कौशल्य मनापासून शिका.

आपल्यासाठी घड्याळ दुसरीकडे चालू आहे. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्ती पूर्वी सर्ब (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) देत असे. आता ती अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे आहे. तिची वयोमर्यादा ३५ वर्षे आहे, राखीव प्रवर्ग, महिला व दिव्यांग उमेदवारांना पाच वर्षांची सवलत आहे आणि कालावधी दोन वर्षांचा आहे. म्हणजे आपल्याकडे जेमतेम दोन वर्षे उरली आहेत. अर्जासाठी आधी यजमान मार्गदर्शक, म्हणजे ज्यांच्याकडे काम करायचे ते प्राध्यापक, मिळवावा लागतो, आणि येथेच आपली मुले कच खातात. “आपल्या हाताखाली काम करण्याची संधी द्यावी” एवढेच लिहिलेले पत्र कोणी उघडून पाहत नाही. त्या प्राध्यापकांचा एक निबंध वाचा, त्यातील कोणते मापन आपल्याला पुढे नेता येईल हे तीन वाक्यांत लिहा, आपल्या प्रबंधातील एकच आलेख जोडा आणि दहा जणांना दहा वेगवेगळी पत्रे पाठवा. दोघांनी उत्तर दिले तरी काम झाले.

सेट किंवा नेट राहिली असेल तर तीही करून टाका. २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी तीच किमान पात्रता ठरवण्यात आली आहे. वाळूज आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींकडेही नजर असू द्या. उच्च वारंवारतेच्या ट्रान्सफॉर्मर, इंडक्टर यांच्या गाभ्यात फेराइट वापरतात. चुंबकीय पदार्थाचे मापन स्वतःच्या हाताने केलेला माणूस चाचणी प्रयोगशाळेत उपयोगाचा असतो, मात्र त्याने आपल्या अर्जात प्रबंधाचे शीर्षक न देता, आपण कोणती यंत्रे चालवली आणि कोणती बिघाड दुरुस्ती केली ते लिहावे. उद्योगात गेला म्हणजे संशोधन सोडले, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. तिने कित्येक हुशार मुलांची उमेदीची वर्षे सीएचबीच्या धावपळीत खाल्ली, आणि ते पाहताना मला फार वेदना झाल्या आहेत.

प्रश्न : परभणी जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयाचा प्राचार्य आहे. बऱ्याच वर्षांनी आमच्याकडे दोन कायम सहायक प्राध्यापक रुजू झाले आहेत. दोघेही पीएच.डी. आहेत आणि उत्साही आहेत. महाविद्यालयाकडे पैसा नाही. त्यांचे संशोधन चालू राहावे म्हणून आम्ही काय करू शकतो?

उत्तर : प्राचार्य महोदय, हा प्रश्न एखाद्या प्राचार्यांनी विचारावा, याची मी कित्येक वर्षे वाट पाहत होतो.

पैसा लागणार नाही अशीच कामे आधी सांगतो. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाचे थेट अध्यापन आठवड्याला १६ तासांचे असते. हे तास सहाही दिवसांवर सांडून न ठेवता वेळापत्रक असे बसवावे, की आठवड्यातील एक सबंध दिवस आणि दुसऱ्या दिवसाची एक दुपार मोकळी राहील. तुकड्या-तुकड्यांत मिळालेल्या सहा रिकाम्या तासांत कोणाचाही निबंध लिहून होत नाही; सलग पाच तासांत होतो.

दुसरे, नव्या माणसाला संगणक येतो म्हणून महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली, प्रवेश समिती, राष्ट्रीय सेवा योजना, परीक्षा विभाग आणि संकेतस्थळ अशी सगळी ओझी पहिल्याच वर्षी त्याच्या खांद्यावर ठेवली जातात. ज्येष्ठांना हे सोयीचे असते. आपण एका वर्षात एका नव्या प्राध्यापकाला एकच समिती द्यावी आणि ते लेखी आदेशात लिहावे, म्हणजे नंतर येणाऱ्या आग्रहाला त्यांना स्वतःला नकार द्यावा लागत नाही. पीएच.डी. असलेल्या सहायक प्राध्यापकाला पहिल्या बढतीसाठी चार वर्षे लागतात. ही चार वर्षे कागदपत्रांत गेली, तर पुढे संशोधनाची सवय परत येत नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

नव्या प्राध्यापकांसाठीचा ‘गुरुदक्षता’ हा महिनाभराचा प्रशिक्षण कार्यक्रम लवकरात लवकर करून घ्यावा. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही असे प्रशिक्षण केंद्र आहे. “तास कोण घेणार” म्हणून अशी परवानगी लांबवली जाते. ती आपण लांबवू नये. प्रयोगशाळेत उपकरण नाही, ही अडचण खरी आहे, पण आय-स्टेम या राष्ट्रीय संकेतस्थळावर देशभरच्या संस्थांतील उपकरणांची नोंद आहे आणि नमुने पाठवून मापन करून घेता येते. त्यासाठीचे माफक शुल्क आणि एसटीचे भाडे एवढी तरतूद महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात बसू शकते. आपले गाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या जवळ असेल, तर रसायन, वनस्पतिशास्त्र किंवा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने तेथील शास्त्रज्ञाला सोबत घेऊन सोयाबीन, कापूस किंवा पाणी या विषयांवर काम सुरू करावे. या मातीतल्या प्रश्नांना येथेच अभ्यासक हवे आहेत.

आणि एक खोली द्या. जुन्या ग्रंथालयाच्या मागे किंवा जिन्याखाली असली तरी चालेल, पण तिला खिडकी, टेबल, दोन खुर्च्या आणि वीज असावी. शनिवारी दुपारी दोनला दोघांपैकी एकाने आपली चालू असलेली दहा पाने इतर सहकाऱ्यांपुढे वाचून दाखवावीत, आणि पहिल्या दोन-तीन वेळा आपण स्वतः मागच्या खुर्चीवर बसून ती शेवटपर्यंत ऐकावीत. खोलीची किल्ली शिपायाकडे न ठेवता त्या दोघांच्या हाती द्यावी, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही त्यांना ती कोणाला न विचारता उघडता येईल.